जवळून पाहणे

दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. जवळ गेले की खाचखळगे दिसायचे, तेव्हा सुंदर गोष्टींपासून जरा दूरच राहिलेले बरे, हे त्या म्हणीतले शहाणपण. पण घरातलीच एखादी वस्तू रोज वीतभर अंतरावरून कॅमेऱ्यात टिपणाऱ्या छांदिष्टाचा अनुभव याच्या नेमका उलट असतो. तुळशीची मंजिरी, केरसुणीचे टोक, चकलीचा काटा, मिठाचा कण! ज्यांच्याकडे एरवी कुणी ढुंकूनही पाहत नाही, त्या वस्तू भिंगाखाली आल्या की थाटात समोर उभ्या राहतात. मिठाचा कण तर घडीव चिऱ्यासारखा चौकोनी दिसतो.

हा छंद निरुपद्रवी खराच. पण जवळून पाहणाऱ्यावर काही नैतिक जबाबदारी येते की नाही, असा प्रश्न मला पडतो.

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको या गावी विल्सन बेंटली (१८६५-१९३१) नावाचा एक शेतकरी होता. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ च्या जानेवारीत त्याने हिमस्फटिकाचे छायाचित्र घेतले, आणि पुढे आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली. काम थंडगार खोपीत करायचे. श्वासाची ऊब लागली तरी स्फटिक विरघळणार. मात्र बेंटलीला ओढ होती ती सुबक, सहा बाजूंनी सारख्या स्फटिकांची. शिवाय काचेवरचा मसाला कडेकडेने कोरून तो चित्राची पार्श्वभूमी काळीभोर करी. यावर गुस्टाव्ह हेलमान या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला. निसर्गातले बहुतेक हिमकण वाकडेतिकडे आणि मोडकेच असतात. ते या संग्रहात कितीसे?

बेंटली खोटे बोलला काय? मला तसे वाटत नाही. त्याचा स्फटिक खरा होता. पण एकेक चित्र खरे असूनही सगळ्यांचा मिळून होणारा समज अपुरा असू शकतो, हे मात्र मान्य करावे लागते. ताटात मांडताना आपणही न मोडलेलीच चकली वर ठेवतो! त्यात पाप नाही. पाहुण्याने मात्र डब्याच्या तळाशी चुरा नसेलच, असे समजू नये.

खुद्द भिंगही हेच सांगते. वस्तूच्या जितके जवळ जावे, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होत जातो. मुंगीचा डोळा रेखीव आला तर तिचे पाय धुक्यात जातात. पाय साधावेत तर डोळा हरवतो. जवळीक म्हणजे संपूर्ण ज्ञान, हा आपला मोठा गैरसमज आहे. जवळ जाणाऱ्याला निवड करावीच लागते, आणि आपण काय वगळले याची आठवण ठेवणे ही त्याची पहिली जबाबदारी होय. संसारात वीस वर्षे शेजारी बसणाऱ्या माणसाविषयीही हेच म्हणता येईल.

दुसरी जबाबदारी संयमाची. रॉबर्ट हूक याने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात मुंगीचे चित्र आहे. मुंगी काही केल्या स्थिर बसेना, तेव्हा त्याने तिला मद्यार्कात बुडवून निपचित केले. तासाभराने ती शुद्धीवर येऊन पळाली. आजही काही हौशी मंडळी किड्याला शीतकपाटात ठेवून गारठवतात आणि मग निवांत फोटो घेतात. हूकला निदान एक नवे जग उलगडायचे होते. आपल्या रोजच्या हौसेसाठी एका जिवाची शुद्ध हरपावी, एवढे त्या हौसेचे मोल आहे काय? मुंगी थांबली तर टिपावी, निघाली तर जाऊ द्यावी. ज्याला वाट पाहता येत नाही, त्याचे जवळ जाणे ही एक प्रकारची घुसखोरीच ठरते.

'रोज' या शब्दाचे महत्त्व मला इथेच जाणवते. एकाच दिवशी पाहणारा साहजिकच सुंदर तेवढे उचलतो. रोज पाहणाऱ्याची सुंदर वस्तूंची यादी केव्हातरी संपते, आणि मग मोडक्याची पाळी येते. या दिवाळीत तेवत्या पणतीचे छायाचित्र पुष्कळ जण घेतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पणतीत जळून काळी पडलेली वात असेल, कडेला तेलाचा चिकट डाग असेल, त्यात एखादा पतंग पडलेला असेल. तिच्याजवळही घटकाभर वाकून पाहावे.