सरहद्दीचा उगम

तेरेखोल नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, तिच्या उत्तर तीरावर, म्हणजे भूगोलाच्या न्यायाने सिंधुदुर्गाच्या बाजूस, एक छोटासा किल्ला उभा आहे; परंतु रेडीहून त्या किल्ल्याकडे निघालेल्या माणसाला नदी न ओलांडताच राज्याची हद्द ओलांडावी लागते, कारण सावंतवाडीकरांकडून 1746 साली पोर्तुगीजांनी घेतलेला तो टापू आजही गोव्यातच मोडतो. सरहद्दी नद्यांनी आणि डोंगरांनी आखलेल्या असतात, हा आपला शाळेपासूनचा समज या जागी डळमळू लागतो. नदीचा उगम शोधायचा तर मुखापासून दूर आत, सह्याद्रीच्या कुशीत जावे लागते. सरहद्दीचा उगमही तसाच आत, दोन्हीकडच्या दरबारांत आणि मंत्रिमंडळांत असतो, असे मला या किनाऱ्याचा इतिहास वाचताना वारंवार वाटत आले आहे.

नदीच्या पलीकडचा पेडणे महाल पोर्तुगीजांकडे कसा गेला, हे पाहिले तर या म्हणण्याचा अर्थ स्पष्ट होईल. सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांचा शिंद्यांच्या घराण्याशी विवाहसंबंध जुळला आणि त्या वजनाने दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना राजेबहादूर हा किताब मिळाला. शेजारच्या कोल्हापूर दरबाराला तो सन्मान सलला, आणि त्या सलातून वाडी व कोल्हापूर यांच्यात वर्षानुवर्षे झुंज चालू राहिली. अखेर कोल्हापूरकरांविरुद्ध कुमक मिळावी म्हणून वाडीकरांनी 1788 साली पेडणे पोर्तुगीजांच्या हवाली केले. एकच भाषा बोलणारे, एकाच दशावताराला रात्र जागवणारे लोक त्या दिवसापासून दोन सत्तांचे प्रजाजन झाले, आणि ते कोणा परक्याच्या पराक्रमाने नव्हे, तर आपल्याच दोन घराण्यांच्या मत्सराने झाले.

समुद्रावरची कथा याहून निराळी नाही. कान्होजी आंग्रे 1729 साली निवर्तल्यावर त्यांच्या मुलांत वाटणीचे भांडण लागले, आणि पुढे त्यांपैकी विजयदुर्गाचा तुळाजी पेशव्यांना जुमानीना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याच्या पारिपत्यासाठी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. तुळाजीचा उद्दामपणा खोटा नव्हता आणि पेशव्यांचा रागही अकारण नव्हता. परंतु फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जाळले, तेव्हा घरातल्या एका शिरजोर माणसाला शासन होता होता घराचे दारच जळून गेले. पुढे नऊ वर्षांनी इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि शिवछत्रपतींनी उभारलेल्या त्या जलदुर्गाला फोर्ट ऑगस्टस हे नाव दिले. तो किल्ला कोल्हापूरकरांना परत मिळाला खरा, परंतु पुणे दरबाराशी असलेल्या वैरातून संरक्षण हवे म्हणून 1812 च्या तहाने कोल्हापूरकरांनीच मालवण बंदर, त्यातल्या किल्ल्यांसह, इंग्रजांना कायमचे लिहून दिले.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की घरात मतभेदच नसावेत, एकाच इच्छेचा अंमल असावा, म्हणजे सरहद्द सुरक्षित राहील. हा निष्कर्ष मला घातक वाटतो, आणि त्याचे खंडन करण्यासाठी याच नदीच्या काठचा पुढचा अध्याय पुरेसा आहे. 1932 पासून पोर्तुगालची सत्ता सालाझार या एका पुरुषाच्या मुठीत होती. तिथे विरोधी पक्षाला वाव नव्हता आणि वृत्तपत्राला मोकळीक नव्हती. ज्या राजवटीचा सारा तोरा साम्राज्याच्या अखंडत्वावर उभा, तिला एक खेडेही वाटाघाटीने सोडणे परवडत नसते, कारण बाहेर सोडलेल्या वीतभर जमिनीचा जाब घरात मागितला जाईल, ही धास्ती तिला असते. म्हणून 1951 साली घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ ठरवण्यात आले, आणि स्वदेशाचाच भाग म्हटल्यावर बोलणी करण्याजोगे काही उरलेच नाही. लिस्बनमधल्या त्या भयाची किंमत बांद्याजवळच्या पत्रादेवीला 1955 च्या 15 ऑगस्टला गोवामुक्तीसाठी निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींनी रक्ताने मोजली, आणि बंद झालेल्या सरहद्दीमुळे दुरावलेल्या सोयऱ्याधायऱ्यांनी ती वर्षानुवर्षे मोजली. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हाही सालाझारचा हुकूम शरण न जाण्याचा होता. तो मोडून गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी व्यर्थ संहार टाळला, आणि त्याबद्दल मायदेशी त्यांची लष्करातून हकालपट्टी झाली.

भारताच्या बाजूसही अंतर्गत राजकारण नव्हते असे नाही. सत्याग्रहींवरील गोळीबाराने देश पेटला होता, सरकारच्या संयमाला विरोधक दुबळेपणा म्हणत होते, आणि 1962 ची सार्वत्रिक निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. मात्र इथला क्षोभ संसदेत आणि सभांत बोलून दाखवता येत होता, सरकारला त्याला उत्तर द्यावे लागत होते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. पोर्तुगालमध्ये 25 एप्रिल 1974 रोजी ती राजवट कोसळली आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा तह झाला. सीमेवर त्या वर्षी काहीच घडले नव्हते. बदलले होते ते लिस्बनमधले घर.

आपल्या आजच्या शेजाराकडे पाहतानाही हे विसरू नये. फेब्रुवारी 1999 मध्ये लाहोरला दोन पंतप्रधानांनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि त्याच उन्हाळ्यात कारगिलच्या शिखरांवर युद्ध पेटले; ज्या देशात सही करणारा हात आणि शस्त्र धरणारा हात एका देहाचे नसतात, त्याच्या तहाला स्थैर्य येत नाही, हे ऑक्टोबरात तिथे झालेल्या लष्करी उठावाने सिद्धच केले.

दुभंगलेले घर परक्याला आत बोलावते, आणि भयाने मुके झालेले घर शेजाऱ्याशी बोलूच शकत नाही. या दोहोंच्या मधली वाट, म्हणजे भांडण मोकळेपणे मांडायचे आणि घरातच मिटवायचे ही, संथ व कष्टाची असली तरी राष्ट्राच्या रक्षणाची तीच खरी तटबंदी आहे. ज्या पत्रादेवीला गोळ्या झाडल्या गेल्या, तिथून आज बांद्याची माणसे बाजाराला, दवाखान्याला, लेकीच्या घरी सहज जातात. ती वाट पुन्हा बंद होऊ नये असे ज्याला वाटते, त्याने आपल्या ग्रामसभेपासून संसदेपर्यंत विरोधकाचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय जपली पाहिजे. सरहद्दीचे पाणी तिथूनच निघते.