शीड आखडण्याचे शहाणपण

पनवेल हे एके काळी बंदर होते, हे आता मुद्दाम सांगावे लागते. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे आणि तिथून बोरघाटाची वाट धरी. 1830 मध्ये घाटात गाडीरस्ता झाला आणि बंदराची वर्दळ वाढली. 1852 मध्ये गावाला नगरपालिका मिळाली, तीही याच भरभराटीच्या काळात. मुंबई ते पनवेल हे अंतर आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण शिडाच्या होडीला ते केव्हा कापता येईल हे मालक किंवा उतारू ठरवत नसत. खाडीत भरती केव्हा चढते आणि ओहोटी केव्हा लागते, पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा किती वेळ टिकतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा केव्हा धरतो, यावर ते ठरे. ओहोटी आणि मतलई वारा जुळले की होडी मुंबईकडे सुटे. भरती आणि खारा वारा जुळले की परत येई. जुळले नाहीत तर तांडेल थांबे.

लांबच्या सागरप्रवासात शीड कसे सांभाळावे या विचाराची पहिली पायरी हीच आहे: थांबणे. अरबी समुद्रात मोसमी वारे उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून आणि हिवाळ्यात ईशान्येकडून वाहतात. हे कळल्यावर माणसाने आपला प्रवासच त्या उलथापालथीला बांधून घेतला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या वाऱ्यांवर थेट समुद्र ओलांडण्याचे श्रेय हिप्पालस नावाच्या खलाशाला दिले आहे. मला ते श्रेय अपुरे वाटते. कल्याण, चौल, सोपारा ही बंदरे त्याच ग्रंथात आधीपासूनची दिसतात. ती उभी राहिली कशी, याचे उत्तर एका ग्रीक खलाशात सापडणार नाही. इथल्या आणि अरबस्तानातल्या नावाड्यांना वाऱ्याचे पंचांग पाठ होते, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

पंचांग न मानल्याची किंमत वास्को द गामाच्या माणसांनी मोजली. 1498 मध्ये जाणकार वाटाड्या घेऊन तो मालिंदीहून निघाला आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर तीन आठवड्यांच्या आसपास मलबारला पोचला. परतताना मात्र ईशान्येचे वारे स्थिर होईपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. ऑगस्टअखेर कालिकत सोडले, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम केला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वारा पुरता फिरण्याआधीच, तो खुल्या समुद्रात शिरला. तोच समुद्र ओलांडायला आता तीन महिने लागले. स्कर्व्हीने खलाशी मेले, उरलेल्यांना जहाजे हाकता येईनात आणि शेवटी एक जहाज जाळून टाकावे लागले. माणसे तीच होती, जहाजेही तीच होती. चुकला तो महिना.

थांबण्याच्या शहाणपणाला एक मोठी मर्यादा आहे. शत्रू दाराशी आला असताना वारा फिरण्याची वाट पाहता येत नाही. म्हणून दुसरी पायरी आली ती कोनाची. चौकोनी शीड वाऱ्याचा धक्का पाठीवर घेऊन पुढे जाते. पश्चिम किनाऱ्यावरची तिरकी, टोकदार शिडे मात्र वाऱ्याच्या बरीच तोंडाशी जाऊ शकत. अशा शिडाच्या दोन बाजूंनी हवा वेगवेगळ्या वेगाने वाहते, त्यातून ओढ निर्माण होते आणि पाण्याखालचा कणा होडीला आडवी सरकू देत नाही. वारा समोरून असला तरी नागमोडी जात त्याच्या उगमाकडे सरकता येते. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी होती, तोफा भारी होत्या. पण हलक्या वाऱ्यात मराठ्यांच्या छोट्या होड्या त्यांच्या हाताला लागत नसत. रात्री किनाऱ्यावरून सामान बेटावर पोचत राहिले आणि किल्ला उभा राहिला.

पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त हाच अनुभव राज्यकारभाराची शिकवण होऊन येतो. वाऱ्यावाचून कुचकामी ठरतील अशी अवाढव्य जहाजे बांधू नयेत, गुराबा म्हणजे शिडांची लढाऊ जहाजे मध्यम असावीत, पावसाळ्याआधी आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला बंदरात आणावे, असे त्यात सांगितले आहे. आपण ‘आज्ञापत्र’ वाचतो ते बहुधा रयतेच्या झाडांना हात लावू नये या वचनासाठी. त्यातले आरमाराचे प्रकरण वाऱ्याची जाण असलेल्या माणसाने लिहिले आहे, हे मला तितकेच मोलाचे वाटते. वारा पडला की गलबते वल्ह्यांवर चालत आणि गुराबांना ओढून नेत. वारा असण्याची सोय सगळेच करतात. मराठ्यांच्या आरमाराने वारा नसण्याचीही सोय केली होती.

तिसऱ्या पायरीवर माणूस वारा शोधायला निघाला. एडमंड हॅलीने 1686 मध्ये समुद्री वाऱ्यांचा नकाशा काढला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या मॅथ्यू मॉरीने हजारो जहाजांच्या जुन्या रोजनिशा चाळल्या आणि कोणत्या महिन्यात कोणत्या पट्ट्यात कोणता वारा मिळतो याचे तक्ते तयार केले. लांबची वाट धरली तरी आपण लवकर पोचतो, हे त्या तक्त्यांनी कप्तानांना पटवले. मग वाफेची जहाजे आली, 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि हळूहळू व्यापाराला वाऱ्याची गरज उरली नाही.

या विचाराचा शेवट इथेच झाला असता. तो झाला नाही, आणि पुढचा धागा पुन्हा मुंबईत सापडतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश अधिकारी मुंबईच्या बंदरातून सुटणाऱ्या व्यापारी जहाजांवर नोकरी करत होता. साठच्या दशकात इथल्या सुतारांकडून त्याने सागवानाची 32 फुटी नौका बांधून घेतली. नाव ठेवले ‘सुहेली’. आखातातले अरब नावाडी आग्नेयेच्या वाऱ्याला त्या नावाने ओळखतात. 14 जून 1968 ला तो इंग्लंडमधल्या फॅल्मथहून निघाला आणि 22 एप्रिल 1969 ला तिथेच परतला. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. ऑस्ट्रेलियाजवळ त्याचे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. एकटा माणूस चोवीस तास सुकाणूवर बसू शकत नाही. तेव्हा त्याने सुकाणूचा दांडा बांधून टाकला आणि नौका शिडांच्या तोलावर चालवली. पुढचे शीड नौकेचे नाक वाऱ्यापासून दूर ढकलते, मागचे ते वाऱ्याकडे वळवते. दोन्हींचा जोर जुळवला की नौका वाऱ्याशी ठरावीक कोन धरून चालत राहते. वारा वाढला की कोन बिघडतो, मग मागचे शीड थोडे कमी करायचे. वेग देणारे शीड इथे दिशा देऊ लागले. मला ही चौथी पायरी सर्वांत सुंदर वाटते.

त्याच माणसाकडे पुढे कमांडर दिलीप दोंदे हे मराठी नौदल अधिकारी शिकायला गेले. त्यामागे होते मनोहर आवटी. निवृत्त व्हाइस ॲडमिरल आवटी हे 1971 च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी; ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत असत. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांनी नौदलाला लावला. दोंदे पुढे आले. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून निघालेले दोंदे फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन असे चार थांबे घेत मे 2010 मध्ये परत आले. 2012-13 मध्ये नौदलाचेच अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठेही न थांबता जाऊन आले.

अशा प्रवासात दिवस कशात जातो? बहुतांश शीड कमीजास्त करण्यात. विषुववृत्ताजवळच्या निवांत पट्ट्यात वारा पडतो, शिडे नुसती फडफडून झिजतात आणि मधेच काळा ढग येऊन पाच मिनिटांत झोडपून जातो. दक्षिणेला चाळिसाव्या अक्षांशाखाली गेले की पश्चिमेचा वारा पाठीशी लागतो आणि आठवडेच्या आठवडे सुटत नाही. तिथे शीड आखडणे हे रोजचे काम होते: मुख्य शीड थोडे खाली घ्यायचे, खालचा पट्टा आडव्या दांड्याशी बांधायचा, वारा आणखी वाढला की दुसरा पट्टा, मग तिसरा.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटचा वारा वीस झाला की शिडावरचा भार चौपट होतो, तीस झाला की नऊपट. डोळ्यांना वेग दुप्पट दिसतो, डोलकाठीला भार चौपट सोसावा लागतो. त्यातही सर्वांत फसवा वारा म्हणजे पाठचा. वीस नॉटचा वारा पाठीशी घेऊन नौका सातच्या वेगाने पळत असेल, तर अंगाला वारा लागतो तेराचाच. सगळे कसे छान चालले आहे असे वाटते. तीच नौका काही कारणाने वाऱ्याकडे वळवावी लागली, तर अंगावर येणारा वारा पंचविसाच्या आसपास जातो आणि भार जवळजवळ चौपट. शिवाय मागून येणारा वारा शीड ज्या बाजूला आहे तिकडे किंचित सरकला, तरी शिडाचा जड दांडा एका बाजूकडून दुसरीकडे झेपावतो आणि वाटेतले डोके किंवा दोर शिल्लक ठेवत नाही. म्हणून खलाशांमध्ये नियम आहे की शीड आखडावे का असा प्रश्न मनात आला, की आखडण्याची वेळ झालेली असते. उशीर केला तर तेच काम अंधारात, ओल्या डेकवर, चौपट भाराखाली करावे लागते.

एवढे करूनही समुद्र ऐकतोच असे नाही. सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने टॉमींची ‘थुरिया’ उलटी केली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. तो दोष शिडांचा नव्हता. तेच टॉमी पुढच्या शर्यतीत उतरले आणि 2023 मध्ये दुसरे आले.

या सगळ्या वाटचालीतून मला एक गोष्ट दिसते. दोन हजार वर्षांत माणसाची वाऱ्यावरची सत्ता जराही वाढलेली नाही. आज उपग्रहामुळे आठवडाभराच्या वाऱ्याचा अंदाज नौकेतल्या पडद्यावर दिसतो. तरी ढगाखालचा अचानक झोत त्यात दिसत नाही आणि शीड केव्हा उतरवायचे हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. वाढली ती आपल्या वागण्याची बारकाई. थांबणे, कोन बदलणे, वाट बदलणे, तोल साधणे, वेळेवर कमी करणे या सगळ्या माघारीच्या जातीच्या क्रिया आहेत, आणि त्यांच्याच जोरावर माणूस जगाला वळसा घालून आला. आपल्या बोलण्यात कौतुक होते ते शीड उभारणाऱ्याचे. ते वेळेवर उतरवणाऱ्याचेही तेवढेच व्हायला हवे असे मला मनापासून वाटते.

थांबण्याचे शहाणपण तर आजही चालते. अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे 2025 मध्ये कारवारला नौदलात आले. त्याच्या बांधणीमागेही दांडेकरच होते. जहाजाला इंजिन नाही आणि शिडे चौकोनी. पोरबंदरहून मस्कतला जायला त्याने डिसेंबर निवडला, कारण तेव्हा ईशान्येचा वारा मिळतो. उपग्रहांच्या काळात बांधलेले हे जहाजही निघाले ते जुन्या पंचांगावर. पहिली पायरी अजून मोडलेली नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत मात्र ती मोडत चालली आहे. स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या होड्यांना इंजिने आली. ते योग्यच झाले, कोळ्यांचे कष्ट आणि धोके त्यामुळे कमी झाले. पण शिडावर होडी हाकलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. कोणत्या तिथीला कोणता वारा, आभाळाचा कोणता रंग दिसला की शीड उतरवायचे, पनवेलच्या खाडीत कोणत्या वळणाला वारा दगा देतो, हे त्यांच्या बोलण्यात आहे, कोणत्याही पुस्तकात नाही. रामचंद्रपंतांनी लिहून ठेवले म्हणून आज तीनशे वर्षांनी आपल्याला त्या आरमाराचा विचार कळतो. पनवेल, उरण, करंजा, रेवस इथल्या कोळीवाड्यांत ज्यांचे येणेजाणे आहे, तिथल्या महाविद्यालयांत जे शिकतात आणि शिकवतात, त्यांना माझी विनंती आहे: म्हाताऱ्या तांडेलांपाशी जाऊन बसा, त्यांच्याच शब्दांत हे सारे उतरवून घ्या, आवाज मुद्रित करून ठेवा. येत्या काही वर्षांत हे झाले नाही, तर नंतर विचारायला कोणी उरणार नाही.