फुले पाहणे हे पाप आहे काय?



पुनरुत्थान रविवारानंतरच्या एका सकाळी मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी आम्हाला भेटावयास आल्या. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही, आणि जे लिहीत आहोत ते त्यांना विचारूनच लिहीत आहोत. त्यांचे यजमान वर्षभरापासून आजारी आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागते. ते चार तास चालते. तेवढ्या वेळात घरी जाऊन स्वयंपाक उरकून परत यावे म्हणून बाई निघतात, आणि रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून चालतच जातात. अशाच एका दिवशी त्यांना रस्त्याच्या कडेला बहावा फुललेला दिसला.

"फादर, रोजचाच रस्ता, पण ते झाड मी कधी बघितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "अंगावर पान नाही, नुसते पिवळे घोस लटकलेले. मी दहा मिनिटं तिथंच उभी राहिले. घरचं, दवाखान्याचं सगळं विसरले. मग एकदम आठवलं आणि लाज वाटली. माणूस तिकडं सुया टोचून पडलाय आणि मी इथं फुलं बघत बसलेय. फादर, हे पाप तर नाही ना?"

आम्ही लगेच म्हणालो, "नाही हो बाई, पाप कसलं त्यात!" त्या समाधानाने गेल्या. पण त्या रात्री आम्हाला वाटू लागले की आपण उत्तर फार घाईने दिले. त्यांचा प्रश्न साधा नव्हता. जवळचे माणूस वेदनेत असताना, घरात पैशाची ओढाताण असताना, आपल्याला आनंद घेण्याचा अधिकार आहे काय? आज त्या प्रश्नाचा आपण सर्वांनी मिळून थोडा विचार करूया.

प्रथम बाईंच्या मनातील टोचणीचा मान राखला पाहिजे. ज्याचे प्रेम आहे त्यालाच अशी टोचणी लागते. परक्याच्या आजारपणात आपण खुशाल हसतो-खिदळतो. शिवाय फुलांचाही गैरवापर होऊ शकतो. शेजारच्या घरातील रडणे ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावून घेणारा आणि कुंडीतील गुलाबाचे कौतुक करत बसणारा माणूस आपल्याला ठाऊक आहे. काही वेळा तो माणूस आपणच असतो. तेव्हा 'सौंदर्य पाहणे नेहमीच चांगले' असे सरसकट म्हणता येणार नाही.

पण मग याचे दुसरे टोकही तपासून पाहावे लागेल. दुःखाच्या काळात सदैव दुःखीच राहणे हे कर्तव्य आहे काय? तसे राहिल्याने आजारी माणसाला काय मिळते? तेराव्या शतकातील आपले थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयावर अगदी व्यवहारी विचार केला आहे. वाईट गोष्टीबद्दल दुःख होणे यात काही गैर नाही, असे ते मानतात. पण दुःखाचे ओझे फार झाले की मनाची शिकण्याची आणि काम करण्याची शक्ती क्षीण होते, हेही ते सांगतात. पुढे त्यांनी दुःखावर पाच उपाय दिले आहेत: आनंद देणारी एखादी गोष्ट, मोकळेपणाने रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी झोप व अंघोळ! सेमिनरीत हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही विद्यार्थी हसलो होतो. एवढा मोठा धर्मपंडित आणि सांगतो काय, तर अंघोळ करून झोपा. आता चाळिशी ओलांडल्यावर त्यातील शहाणपण कळते. थकलेल्या शरीराला जशी विश्रांती, तसा दुःखी मनाला आनंद, असे त्यांचे म्हणणे आहे. भर उन्हात चालणारी बाई क्षणभर सावलीत थांबली तर तिला कोणी दोष देत नाही. मग तिच्या मनाने क्षणभर थांबू नये काय?

येथे कोणी विचारील, "विश्रांतीच हवी तर झोप काढावी, फुले कशाला?" याचे उत्तर शोधताना आम्हाला आयरिस मर्डॉक या इंग्रजी तत्त्वज्ञ बाईंची आठवण झाली. त्या रूढ अर्थाने श्रद्धावंत नव्हत्या. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात एक लहानसा प्रसंग आहे. चिंतेने व रागाने मन भरलेले असताना, स्वतःच्या अपमानाचा विचार घोळवत त्या खिडकीबाहेर पाहतात. एवढ्यात आकाशात ससाण्याच्या जातीचा एक पक्षी तरंगताना दिसतो, आणि क्षणात सारे बदलते. दुखावलेला 'मी' नाहीसा होतो, उरतो फक्त पक्षी. मग पुन्हा त्या गोष्टीचा विचार केला तर ती तेवढी मोठी वाटत नाही.

आपलाही अनुभव असाच आहे. काळजी माणसाची नजर आत वळवते. डोळे उघडे असतात, पण आपण पाहत असतो ते बँकेचा हप्ता, तपासणीचा अहवाल, मुलाची नोकरी. बहावा आपल्यासाठी फुललेला नसतो. त्याला आपली काळजी ठाऊक नाही. आणि म्हणूनच तो आपल्याला आपल्यातून बाहेर ओढू शकतो. ज्याची नजर एका झाडापाशी बाहेर वळली, त्याची ती आजारी माणसाकडेही अधिक स्वच्छपणे वळू शकते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने काळजीने खचलेल्या लोकांना रानातील फुलांकडे पाहावयास सांगितले, हे आपण जाणतोच. ज्यांना उद्याच्या अन्नवस्त्राची भ्रांत होती अशांनाच प्रभूने हे सांगितले, हे मात्र आपण विसरतो.

आता आपल्या सोलापूरचे पाहा. वसंत म्हटला की थंड हवा आणि हिरवळ डोळ्यांसमोर येते ती पुस्तकांमुळे. आपला वसंत म्हणजे पारा चाळिशीच्या घरात, धूळ आणि पाण्याची चिंता. नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात या शहरातील बायाबापड्यांची कितीतरी वर्षे गेली. आणि नेमक्या याच दिवसांत आपली झाडे फुलतात. उपवासकाळात शहराबाहेर पळस पेटल्यासारखा लाल होतो. पिंपळाला तांबूस पालवी येते. कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहर सकाळी न पाहताही वासाने कळतो. मग बहावा, आणि मूळचा मादागास्करचा असूनही आपलाच होऊन गेलेला गुलमोहर. विजापूर रस्त्यावर संभाजी तलावाकडे किंवा भुईकोट किल्ल्याच्या बाजूला सकाळी आठच्या आत एक फेरी मारली तरी यातील बरेच काही दिसते.

या शहराने अशी नजर असलेला एक मोठा माणूस दिला. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापुरात झाला. वनखात्यात नोकरी करून त्यांनी आयुष्य जंगलात घालवले आणि मराठीला पक्ष्यांची व झाडांची कितीतरी नावे दिली. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी देह ठेवला तोही सोलापुरातच. 'कसलेतरी पिवळे फूल' न म्हणता 'बहावा' म्हणणे हा लहानसा आदर आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने आदामाला प्राण्यांची नावे ठेवण्याचे काम दिले, त्याचा एक अर्थ हाही असावा.

पण सकाळी फिरायला जाणे ही पोट भरलेल्यांची चैन नाही काय? हा आक्षेपही खरा आहे. आपल्या शहरात हजारो भगिनी विड्या वळतात. वळलेल्या विड्या घेऊन त्या रस्त्याने जातात त्या हवा खाण्यासाठी नव्हे. आम्ही त्यांना 'फुले पाहा' असा उपदेश करणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. श्रीमंताची बाग कुंपणाच्या आत असते, पण रस्त्यावरचा बहावा सर्वांचा असतो. डायलिसिसची चिंता वाहणाऱ्या बाईंना तो फुकट मिळाला. म्हणून रस्त्यावरचे झाड तोडले जाते तेव्हा सर्वांत जास्त नुकसान होते ते जो पायी चालतो त्याचे.

याबाबतीत आम्हालाही कबुली द्यावयाची आहे. २०१९ साली आवारातील कडुनिंबाचा मोहर व पाने गाड्यांवर पडतात अशी तक्रार आली, तेव्हा आम्ही फारसा विचार न करता त्याच्या बऱ्याच फांद्या छाटून घेतल्या. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. १२ एप्रिल २०२० च्या पुनरुत्थान रविवारी चर्चची दारे बंद होती. रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करून आम्ही बाहेर आलो. आवारात एकही गाडी नव्हती. उरलेल्या दोन-तीन फांद्यांचा वास तेवढा होता. त्या भयाच्या दिवसांत तो वास आम्हाला पुरला, आणि आपण काय तोडले तेही कळले. असिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग मुद्दाम न खणता ठेवावयास सांगत, म्हणजे तेथे रानफुले उगवतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या गोष्टीची आठवण करून दिली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. आनंद आणि पळवाट यांतील फरक ओळखावा कसा? आम्हाला वाटते, झाडापाशी उभे असताना तो कळत नाही, त्यानंतर पाय कोठे जातात यावरून कळतो. आम्ही त्या भगिनींना पुन्हा भेटलो आणि विचारले, "त्या दिवशी नंतर काय केलंत?" त्या म्हणाल्या, "काय करणार फादर, घरी जाऊन भात टाकला, डबा घेऊन परत गेले. खाली पडलेल्या चार पाकळ्या रुमालात बांधून नेल्या होत्या. ह्यांना दाखवल्या. ते म्हणाले, गिरणी चालू होती तेव्हापासनं ते झाड तिथं आहे, पहिल्या पाळीला जाताना मी रोज बघायचो. मला कधी बोलले नव्हते. मग बराच वेळ गिरणीच्या गोष्टी सांगत बसले." बाईंचे पाय डबा घेऊन यजमानांकडेच गेले होते. आमच्या घाईच्या उत्तरापेक्षा हे उत्तर चांगले आहे.

गुढीपाडव्याला आणि आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या उगादीला कडुनिंबाचा मोहर गुळाबरोबर खातात. उगादीच्या पचडीत तर आंबट, तिखट, खारटही असते. वर्षाचा आरंभच असा सर्व चवी एकत्र घेऊन होतो. कडू संपल्यावर मग गोड खाऊ असे म्हणून चालत नाही. आपल्या श्रद्धेतही दुःख व आनंद असेच शेजारी आहेत. प्रभू येशूला जेथे क्रुसावर दिले तेथेच एक बाग होती आणि कबर त्या बागेत होती, असे संत योहान सांगतात. मग्दालिया मरिया रडत होती, आणि समोर उभ्या असलेल्या प्रभूला तिने माळी समजले. तिचे दुःख खोटे नव्हते. पण मागे वळून पाहिल्याशिवाय तिला तो दिसलाही नसता.

तेव्हा बंधुभगिनींनो, या आठवड्यात ऊन चढण्यापूर्वी थोडे चालून या. शक्य असल्यास ज्याला एकट्याने चालवत नाही अशा कोणाला हात धरून न्या. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खाली पडलेले एखादे फूल घेऊन या. फांदी मात्र तोडू नका. घरासमोरच्या झाडाला भांडी विसळलेले पाणी घाला. आणि ज्या घरात आजारपण आहे त्यांच्या दारावरून जाताना नुसते पुढे जाऊ नका, आत डोकावून विचारपूस करा.

पुनरुत्थित प्रभू आपणां सर्वांना, विशेषतः आजाऱ्यांना व त्यांची सेवा करणाऱ्यांना, शांती देवो.

आपले धर्मगुरू