सोडणं आणि सुटणं

पाळीव प्राण्यांविषयी हल्ली पुष्कळ लिहिलं-बोललं जातं आणि त्यातलं बरंचसं दोन टोकांवर घुटमळतं. एका टोकाला जनावराला 'आमचं बाळ' म्हणणारे. त्यांच्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्या टोकाला, दुकानात काहीशे रुपयांना मिळणाऱ्या प्राण्याच्या औषधपाण्यावर हजारो कशाला घालवायचे, असं विचारणारे. दुकानातली किंमत हे दुखण्याचं माप नव्हे, एवढंच त्यांना सांगतो. माणसं उपाशी असताना हे चोचले कशाला, हा तिसरा प्रश्न. एका जनावराचं भरवणं थांबवल्यानं कुणा माणसाच्या ताटात घास पडत नाही, हे त्याचं उत्तर, आणि ते पुरेसं आहे.

मला छळतं ते चौथंच मत. ते हळू आवाजात सांगितलं जातं, त्यात करुणा असते, अध्यात्माचा सूर असतो, आणि म्हणूनच ते पटकन पटतं. 'त्यानं अन्न सोडलंय. त्याला कळलंय. आता जाऊ द्या त्याला.'

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते म्हैसूरला, सरस्वतीपुरममधल्या आमच्या घरात. नातीचे दोन गिनीपिग होते, दोन्ही माद्या. त्यातली ठिपक्यांची बुंदी. दोघी एका पिंजऱ्यात असल्यामुळे वाटी रोज रिकामी व्हायची आणि ती कोण रिकामी करतंय ते कळायचं नाही. शिवाय या प्राण्याची जात शिकार होणाऱ्याची, दुखणं लपवण्यात पटाईत. आमच्या लक्षात आलं ते लेंड्यांवरून. एका कोपऱ्यातल्या लेंड्या बारीक आणि कोरड्या झाल्या, मग जवळजवळ थांबल्याच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर महिन्यापूर्वी ८६० ग्रॅम भरलेली बुंदी ७४५ भरली. ज्या डॉक्टरांकडे आधी नेलं त्यांनी तोंड उघडून न पाहता मान हलवली. शेजारचे गृहस्थ संध्याकाळी आले, वयानं माझ्याहून वडील, वाचन दांडगं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कानडीत म्हणाले, 'ऊट बिट्टिदे.' जेवण सोडलंय.

माझं आयुष्य व्याकरण शिकवण्यात गेलं, त्यामुळे माझं मन त्या क्रियापदाशी अडलं. कानडीतला 'बिडु' दोन्हीकडे चालतो. माणूस गाव सोडतो तेव्हाही तो, आणि ताप उतरतो, पाऊस थांबतो तेव्हाही तोच. मराठीनं मात्र इथे दोन वेगळी क्रियापदं ठेवली आहेत, सोडणं आणि सुटणं. सोडायला कर्ता लागतो. सुटायला कर्ता लागत नाही, हातातून भांडं सुटतं तसं. बुंदीनं अन्न सोडलं, की तिचं अन्न सुटलं? माझे शेजारी हा शब्दांचा खेळ समजले. मी तो तसा समजत नाही. पुढे तिला औषध मिळणार की नाही, हे या दोनांतलं कोणतं क्रियापद आपण वापरतो त्यावर ठरत होतं.

त्यांनी दाखला दिला तो श्रवणबेळगोळचा. इथून दोन-अडीच तासांची वाट. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतला एक अतिशय जुना कोरीव लेख आहे म्हणून आपण मराठी माणसं तिथे जातो. समोरच्या चंद्रगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्न सोडून देह ठेवण्याचं जैन व्रत, घेतलेल्यांच्या स्मरणाचे लेख आहेत, तिकडे आपलं लक्ष कमी जातं. शेजाऱ्यांचं म्हणणं, माणसाला जे साधनेनं साधतं ते मुक्या जीवाला उपजत साधतं. मराठी वाचकालाही हे परकं वाटणार नाही. १९६६च्या फेब्रुवारीत सावरकरांनी आणि १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न-औषध थांबवलं, ते आपल्या स्मरणात आहे. त्या निर्णयांबद्दल कुणाचं काहीही मत असो, ते निर्णय होते. मागे वर्षांचा विचार होता आणि भोवतालच्यांना तो सांगितलेला होता. सल्लेखनेला तर गुरूची संमती लागते, आहार टप्प्याटप्प्यानं कमी करायचा असतो, मन शांत असावं लागतं. आणि ती केव्हा घ्यावी? समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रसंग मोजून दिलेले आहेत: संकट, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग, पण तोही ज्यावर उपाय उरलेला नाही असाच. म्हणजे ज्या परंपरेचा आधार घेऊन बुंदीला 'जाऊ द्या' म्हटलं जात होतं, त्या परंपरेनंच आधी विचारलं असतं, उपाय पाहिलात का? आम्ही तर तिच्या दाढाही पाहिल्या नव्हत्या.

दाढांचं सांगतो, कारण सगळा वाद तिथे येऊन ठेपतो. गिनीपिगचे पटाशीचे दात आणि दाढा, एकूण वीस, जन्मभर वाढत राहतात. चिवट गवत तासन् तास चघळल्यानं ते झिजतात. झीज पुरली नाही की खालच्या दाढांना टोकं फुटतात, ती जिभेकडे वळतात, कधी जिभेवर कमान धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्यापाशी बसून राहिलो. फ्रिजमधल्या पिशवीची सळसळ झाली तशी बुंदी दाराशी आली आणि नेहमीसारखी शीळ घातली. कोथिंबिरीची काडी घेतली. जबडा दोनदा आडवा हलला, काडी खाली पडली. तिनं ती परत उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा काडी ओली झाली होती, पण एकही पान तुटलं नव्हतं. हनुवटीखालचे केस लाळेनं चिकटले होते. काडी तीन-तीनदा उचलणाऱ्या जीवानं अन्न 'सोडलं' असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी कान तपासायच्या नळीनं तोंडात पाहिलं. डावीकडच्या दाढेचं टोक जिभेत रुतलं होतं. गुंगी देऊन त्यांनी ते घासलं, दुखणं कमी करायला मेलोक्सिकॅमचे थेंब दिले आणि बजावलं की पेनिसिलिनच्या जातीचं औषध हिच्या तोंडात कुणी घालायचं नाही; त्यानं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि मागून जनावर जातं.

दात घासले तरी लगेच खाणं सुरू होत नाही, आणि इथेच शेजाऱ्यांचा दुसरा मुद्दा आला. तो जास्त नाजूक होता. आता तर दुखत नाही, तरी ती तोंड फिरवते. आजारी जनावर लंघन करतं, कुत्रा करतो, गाय करते, शरीराला कळतं. लंघनाबद्दल मला आदर आहे, आजीनं तापात मला दोन दोन दिवस पेजेवर ठेवलेलं आठवतं. पण ज्याचं पोट रिकामं राहू शकतं त्यालाच लंघन मानवतं. गिनीपिगचं पोट तसं नाही. त्याला उलटी होत नाही. पोटातलं अन्न पुढे सरकतं ते मागून नवं येत राहिलं तरच. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक पिशवी असते, तिथे जंतू गवत आंबवतात. गवत आलं नाही की तिथली घडी बिघडते, वायू धरतो, वायूनं दुखतं, दुखतं म्हणून खाणं आणखी तुटतं. अंगातली चरबी यकृतावर येऊन बसते. हे चक्र एका दिवसात फिरायला लागतं. म्हणून चोवीस तास न खाल्लेला गिनीपिग हा 'उद्या पाहू' म्हणण्यासारखा रोगी नसतो.

भूक मरते, असं आपण म्हणतो. अन्नावरची वासना उडते. घास उतरत नाही. दुखणेकरी म्हणतो, 'मला जेवण जात नाही', 'मी जेवत नाही' असं म्हणत नाही. पिढ्यान् पिढ्या आजाऱ्याच्या उशाशी बसून मराठी बायकांनी हे प्रयोग घडवले असावेत, असं मला वाटतं. यांत कुठेही आजाऱ्याला कर्ता केलेलं नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. काडी उचलून टाकणाऱ्या बुंदीच्या बाबतीत माझा भेद स्वच्छ दिसतो. पण जिची इच्छाच गेली आहे, जी वाटीकडे वळतही नाही, तिच्या बाबतीत? तिथे सुटलं म्हणायला बाहेरचा पुरावा नसतो. तरी मी सुटलंच म्हणेन, कारण इच्छा जाणं हेसुद्धा शरीरात घडलेलं असतं. या प्राण्याचं शरीर आपल्यासारखंच 'क' जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रॉलिक या दोघांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही दिसली ती यामुळेच. ते जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्या, सांधे दुखतात, अंगावरचे केस विस्कटतात, जनावर कोपऱ्यात बसून राहतं आणि खात नाही. बघणाऱ्याला ती विरक्ती वाटते. पुष्कळदा रोजच्या ढोबळी मिरचीच्या दोन फोडींची ती उणीव असते.

तोंड फिरवण्याबद्दल. हो, सिरिंज पाहून ती तोंड फिरवत असे. नातू लहान असताना औषधाचा चमचा पाहून तोही फिरवत असे. कोंबणं आणि भरवणं यांतला फरक मी त्या अठरा दिवसांत शिकलो. गोळी-खाद्य कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून पातळ करायचं. सुई नसलेली लहान सिरिंज. जनावर टॉवेलात गुंडाळून मांडीवर, पाठ आपल्या पोटाला. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामधल्या फटीतून, बाजूनं, अर्धा मिलिलिटर. मग थांबायचं. चावलं, गिळलं, मग पुढचा. घाई केली तर अन्न श्वासनळीत जातं. दर खेपेला दहा-बारा मिलिलिटर, दिवसातून पाच खेपा, त्यातली एक रात्री दोनला. पोट ढोलासारखं ताठ फुगलेलं असेल तर हे अजिबात करायचं नाही, आधी डॉक्टर. देवराज मार्केटच्या फुलवाल्यांकडे 'गरिके' म्हणजे आपल्या दूर्वा जुड्यांनी मिळतात. त्या आणून, धुऊन, तिच्या नाकाशी धरून बसायचो. नातीनं एका वहीत रकाने आखले होते: वेळ, किती दिलं, लेंड्या, वजन. अकराव्या दिवशी बुंदीनं दूर्वेची एक काडी टोकापासून शेवटपर्यंत आत ओढली. तो आवाज मला अजून ऐकू येतो, बारीक करकर.

गिनीपिगवर माणसाचं कर्ज आहे म्हणून हे करायचं, असंही मला कुणी सुचवलं. कर्ज आहेच. मुंबईच्या प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे ठेवून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या गेल्या, परळच्या प्रयोगशाळेनं त्यातून साथीचा माग काढला. पण बुंदीनं कुणावर उपकार केले नव्हते, आणि तिला भरवायला ते कारण लागतही नव्हतं. ती आमच्या पिंजऱ्यात होती. स्वतःचं गवत शोधायची सोय आम्ही तिच्याकडून काढून घेतली होती. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्यानं पुरेसं अन्नपाणी न पुरवणं हा गुन्हा धरला आहे.

मग भरवणं कधी थांबवायचंच नाही का? थांबवावं लागतं. आजार हाताबाहेर गेला, दुखणं औषधाला दाद देईना, भरवणं म्हणजे नुसतं लांबवणं झालं, तर थांबवणं हीच माया. या बाबतीत मी आणि शेजारी एकाच जागी उभे आहोत, असं ते म्हणाले. नाही. ते म्हणतात, तिनं सोडलं. मी म्हणतो, तिचं सुटलं होतं, सोडलं आपण. जनावराच्या तोंडी निर्णय घालून आपण त्यातून अंग काढून घेतो, आणि एकदा ते जमलं की दाढा तपासायच्या आधीच जमायला लागतं. माणसांच्या घरांतही जमतं. 'म्हातारीनं अन्न सोडलं' असं सांगितलं जातं तेव्हा तिची कवळी सैल झाली होती का, तोंड आलं होतं का, ताट तिच्या हाताला पुरत होतं का, हे किती घरांत पाहिलं जातं? हे विचारल्यावर शेजारी बराच वेळ गप्प राहिले. मीही पुढे काही बोललो नाही.

बुंदी अकरा महिने चांगली राहिली. मग पुन्हा लाळ आली, या वेळी दाढेच्या मुळाशी गळू होतं, जबड्याचं हाड पोखरलेलं. त्याच डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, क्ष-किरण फोटो दाखवला. आम्ही नऊ दिवस भरवलं. दहाव्या दिवशी ती गिळेनाशी झाली आणि हात लावला तरी दात करकरवायला लागली. संध्याकाळी डॉक्टरांनी तिला शेवटचं इंजेक्शन दिलं. रात्री नात वही घेऊन आली, शेवटच्या रकान्यात काय लिहू म्हणाली. वजनाखाली, ५९०च्या पुढे, तिनं स्वतःच लिहिलं: 'दुपारी दोनची खेप आम्ही दिली नाही.'