भाकीत आणि हजेरी : ‘उचल्या’च्या निमित्ताने

गुन्ह्याचे भाकीत अवघड का, या प्रश्नाला अपराधशास्त्र सहसा घटकांच्या यादीने उत्तर देते : दारिद्र्य, दुष्काळ, संगत, संधी, पोलिसांचा वावर. यादी खोटी नाही. मात्र खुद्द भाकीत करणाऱ्याला तीत स्थान नसते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचताना ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात एक भाकीतच कायद्याच्या भाषेत मांडले : अमुक जमातीत जन्मलेला मनुष्य गुन्हा करील. नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथेही या धर्तीचा कायदा आलाच. १९५२ साली या जमाती कागदोपत्री ‘विमुक्त’ झाल्या. तरीही लातूर तालुक्यातील धनेगावच्या ज्या घराची कथा गायकवाड सांगतात, त्याच्यामागचा पोलिसांचा ससेमिरा सुटला नाही. ज्याला कोणी कामावर ठेवीत नाही त्याने चोरी केली, तर भाकीत खरे ठरले असे म्हणावयाचे काय? अशा विधानाला आज्ञा म्हणणेच अधिक योग्य.

शिवाय नोंदवही दाखविते ती पोलिसांची नजर कोठे फिरली ते. १९७८ च्या जुलैअखेर विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. मराठवाडाभर दलित वस्त्या जाळणारे बहुतांशी गावचेच सवर्ण होते, जमातींच्या यादीत ज्यांच्या जातींचा उल्लेख कधीच नव्हता. (महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांच्या मदतीस ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा उभी केली. अशा यंत्रणेला शिकविण्यासाठी पोलिसांपाशी मुख्यतः असतात त्या त्यांच्याच नोंदी.)

येथवर बहुतेक समीक्षक सहमत होतील. अडचण पुढे आहे. ‘उचल्या’कडे सहानुभूतीने पाहणारी आपली समीक्षाही त्याला परिस्थितीचा दस्तऐवज मानते : असा समाज, म्हणून असा माणूस. कार्यकारणाची ही साखळी पोलिसांच्या साखळीहून दयाळू आहे, इतकेच. दोहोंतही माणसाला निराळे वागण्यास जागा उरत नाही. किती जण चोरीकडे वळतील याचा अदमास कदाचित बांधता येईल. कोण वळेल, ते नाही. एकाच घरात खिसे कापणाऱ्यांच्या टोळीत जाणारा भाऊ आहे आणि पाटी घेऊन शाळेत जाणारा लक्ष्मणही आहे. परिस्थिती तर दोघांची एकच. तिने चोरीची निवड सोपी केली हे मान्य. दुसऱ्या निवडीचे श्रेय मात्र परिस्थितीला देता येत नाही, आणि ते द्यावयाचे नसेल तर पहिल्या निवडीचा सारा दोषही तिच्यावर टाकता येणार नाही. हा निष्कर्ष आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. मलाही तो सुखाचा वाटत नाही.

आत्मकथनात एक प्रसंग आहे. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतली मुले आजारी पडतात. हा शाळेत गेला म्हणूनच हे झाले, असे वस्ती धरून चालते आणि त्याच्या बापाला बोल लावते. म्हणजे जमातीपाशीही तिचे स्वतःचे भाकीत होते. मुलगा तरीही वर्गात जाऊन बसत राहिला.