दांड्याची लांबी

मनुष्याचे श्रम हलके करणारी प्रत्येक सोय त्याला आळशी बनविते, असा एक समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांत फार दिवसांपासून रूढ आहे. जात्यावर दळणाऱ्या आजीची पाठ ताठ होती आणि गिरणीचें पीठ खाणाऱ्या नातीची दुखते, हा युक्तिवाद कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? हा समज एकदां पारखून पाहावा, असें मला हल्लीं वाटूं लागलें आहे. आणि त्याला निमित्त झाली ती एक केरसुणी.

आमच्या घरीं केर काढावयास येणाऱ्या बाईंनीं एके दिवशीं सहज विचारलें, "काका, उभ्यानं झाडतां येईल असा लांब दांड्याचा झाडू आणाल का?" मीं तत्काळ उत्तर दिलें, "त्यानें कोपरे नीट निघत नाहींत." त्या कांहीं बोलल्या नाहींत, पुन्हा वाकून झाडूं लागल्या. त्या वेळीं मी ज्या मेजाशीं बसलों होतों, त्याची उंची, मान अवघडते म्हणून, मीं सुताराकडून चार बोटें वाढवून घेतलेली होती! माझ्या मानेसाठीं केलेला फेरफार मला शहाणपणाचा वाटला होता. त्यांच्या पाठीसाठीं मागितलेला मात्र कामचुकारपणाचा वाटला.

हेंच उत्तर मला पुढें एका दूरच्या देशाच्या हकीकतींत भेटलें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत भाजीपाल्याची व बीटाची विरळणी करणाऱ्या मजुरांच्या हातीं जी कुदळी दिली जाई, तिचा दांडा दोन फुटांचा किंवा त्याहूनहि आखूड असे. दिवसभर कमरेंत वाकल्यानें पाठी अधू होतात, अशी साक्ष डॉक्टरांनीं दिली. लांब दांड्यानें काम अचूक होणार नाहीं, पिकाची नासाडी होईल, असें मालकांचें म्हणणें होतें. शिवाय आखूड दांड्यामुळें मुकादमाचीहि सोय होती : जो ताठ उभा दिसला त्याचें काम थांबलें, हें त्यास दुरूनच कळे! अखेर १९७५ सालीं, प्रकरण न्यायालयांत गेल्यावर, हें अवजार बंद झालें. मजुरांनीं लांब दांडा हातीं घेतला, आणि पिकें पूर्वीप्रमाणें येतच राहिलीं.

याच्या उलट, त्याच देशांतील फ्रँक गिलब्रेथ याची गोष्ट आहे. गवंडी प्रत्येक विटेसाठीं जमिनीपर्यंत वाकतो, हें पाहून त्यानें विटा हाताच्या उंचीवर ठेवण्याची व्यवस्था केली. एका विटेमागें अठरा हालचाली लागत, त्या पांचांवर आल्या. आणि तासाला १२० विटांऐवजीं ३५० विटा रचल्या जाऊं लागल्या, असें टेलर यानें १९११ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. येथें सोयीनें आळस वाढेल अशी चिंता कोणा मालकास पडल्याचें दिसत नाहीं. पाठ सरळ झाल्यानें ज्याचा लाभ वाढतो त्याला सोय तत्काळ पटते. केवळ वाकणाऱ्याचेंच दुःख कमी होणार असेल, तर मात्र तिला कायद्याची वाट पाहावी लागते.

मग कष्टांना कांहींच मोल नाहीं काय? आहे. पंढरीची वाट पायीं चालणाऱ्या वारकऱ्यास गाडींत बसण्याचा आग्रह कोणी करूं नये; तें चालणें त्यानें स्वतः पत्करलें आहे. स्वतः पत्करलेल्या कष्टांस तप म्हणतां येईल. दुसऱ्यावर लादलेल्या कष्टांस तें नांव देण्याचा अधिकार लादणाऱ्यास नाहीं. म्हणून एखाद्या सोयीचा विचार करतांना तिनें आळस वाढेल काय, हें विचारण्यापूर्वीं वाकतो कोण आणि दांड्याची लांबी ठरवितो कोण, हें विचारावें.

लांब दांड्याचा झाडू मीं आणला. कोपऱ्यांत थोडा केर राहतो, हें खरें आहे. तो मी वाकून काढतों.