वाचलेल्याचे ऋण

एखाद्याने स्वतःचा जीव देऊन आपल्याला वाचविले, तर आपले उरलेले आयुष्य कोणाचे? प्राण देणाऱ्याच्या थोरवीची चर्चा नीतिशास्त्रात विपुल आढळते. ज्याच्यासाठी ते दिले गेले, त्याने पुढे कसे जगावे याविषयी मात्र आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. हा प्रश्न आम्हांला एका जपानी चित्रमालिकेत भेटला, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. ‘सिम्फोगिअर’ ही ती मालिका. २०१२ ते २०१९ या काळात तिची पाच पर्वे प्रसारित झाली. गाणी गात मुली राक्षसांशी लढतात, असा तिचा थाट. आणि भडकपणा म्हणाल तर तो आहेच.

‘नॉइज’ नामक त्या राक्षसांचा स्पर्श होताच माणसाचा कोळसा होतो. प्राचीन शस्त्रांच्या अवशेषांपासून घडविलेली चिलखते गाण्याने जागी होतात आणि तीच त्यांना आवरू शकतात. एका मैफलीवर हल्ला होतो. गायिका कानादे लढत असताना तिच्या चिलखताचा तुकडा उडून श्रोत्यांतील हिबिकी या मुलीच्या छातीत रुततो. जगण्याची आशा सोडू नकोस, असे कानादे तिला विनवते आणि आपले अखेरचे गीत गाते. ते गीत अफाट सामर्थ्य देते, पण गाणाऱ्याच्या देहाचा घास घेते. कानादे जाते; हिबिकी वाचते.

खरी कथा येथून सुरू होते. त्या दिवशी अनेकजण नॉइजमुळे नव्हे, तर पळापळीत चेंगरून मेले होते. म्हणून लोकांचा रोष वाचलेल्यांवर वळतो. हिबिकीचा छळ होतो. वडील घर सोडून जातात. लोकांना मदत करणे हा आपला छंद आहे, असे ती हसतमुखाने सांगत असते. कानादेची सहगायिका त्सुबासा मात्र तिला परखडपणे विचारते : ही परोपकाराची ओढ, की स्वतःला शिक्षा करून घेण्याची?

प्रश्न कठोर आहे, पण आम्हांला तो रास्त वाटतो. आपण जिवंत आहोत याची भरपाई म्हणून राबणारी माणसे जगात थोडी नाहीत. घरातले एखादे भावंड लहानपणीच जाते आणि मागे उरलेले मूल जन्मभर दोघांच्या वाटचे चांगले वागत राहते. आपण त्याचे कौतुक करतो. त्याच्या थकव्याची चौकशी करीत नाही. कानादेने परतफेड मागितली नव्हती. तिने मागितले ते हिबिकीचे जगणे. ते जगणेच हिबिकी पदोपदी पणाला लावते, तेव्हा मागणारीचा शब्द पाळला जातो की मोडला जातो? आमच्या मते मोडला जातो, तिचा हेतू कितीही निर्मळ असला तरी.

कानादेच्या चिलखतातून भाला निघत असे. त्याच तुकड्यातून जागे झालेले हिबिकीचे चिलखत मात्र तिला शस्त्र देत नाही. ती मुठीने लढते आणि जमेल तेथे मूठ उघडून शत्रूपुढे हात करते. लढाई आटोपली की ती मिकू या मैत्रिणीकडे परतते. मिकूला ती आपले उबदार ऊन म्हणते.